दिलासा आणि पुरावा : अशांत काळातील वाचनाविषयी काही विचार

मराठीत एखाद्या पुस्तकाला लोकप्रिय म्हटले, की ते कोणत्या लोकांना प्रिय आहे हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. ग्रंथालयाच्या देवघेव वहीत ज्या पुस्तकाची नोंद वारंवार होते, ज्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघते, ते लोकप्रिय. त्यावरून आमचा समीक्षक काळाचे निदान करायला बसतो. अमुक दशकात वाचक ऐतिहासिक कादंबरीकडे वळला, तमुक दशकात रहस्यकथेकडे, पुढे आत्मकथनाकडे. समाज अस्वस्थ होता म्हणून वाचकाने भूतकाळात आश्रय घेतला, असेही तो सांगतो. या निदानातला 'वाचक' नेहमी एकच असतो. तो ग्रंथालयाची वर्गणी भरतो, त्याच्या घरी दिवाळी अंक येतात, आणि त्याच्या अस्वस्थतेला सगळ्या महाराष्ट्राची अस्वस्थता समजले जाते.

समाज अशांत होतो तेव्हा तो एकाच कारणाने अशांत होत नाही. हातातले जाईल म्हणून एक माणूस अस्वस्थ असतो. जे कधी हातात आलेच नाही ते मागायला उठलेला दुसरा माणूसही अस्वस्थच असतो. दोघे एकाच गावात, एकाच साली पुस्तक उघडतात. पहिल्याला पुस्तकातून दिलासा हवा असतो, दुसऱ्याला पुरावा. आपण माणूस आहोत याचा पुरावा, आपल्यावर अन्याय झाला याचा पुरावा, आणि हा अन्याय कुणीतरी लिहून ठेवला आहे याचाही पुरावा. अशांत काळाचे वाचन समजून घ्यायचे तर कोणते पुस्तक खपले एवढे मोजून भागत नाही. ते उघडणाऱ्याने त्याच्याकडे काय मागितले, हे पाहावे लागते.

ही तपासणी करायला १९७८-७९ इतकी सोयीची वर्षे दुसरी नाहीत.

१

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलितांची घरे जाळली गेली, विहिरी नासवल्या गेल्या, माणसे मारली गेली, हजारोंना गाव सोडावे लागले. त्याची झळ विदर्भालाही लागली. ऑगस्ट १९७८ मध्ये नागपुरात गोळीबार झाला. इंदोऱ्यातील नामांतर शहीद स्मारक त्या दिवसांची साक्ष देत आजही उभे आहे. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. एका पाटीवर एक नाव लिहायला सोळा वर्षे लागली.

याच सुमारास, वर्षभराच्या आतबाहेर, मराठी मुलुखात तीन पुस्तके आली. १९७८ मध्ये 'ग्रंथाली'ने दया पवारांचे 'बलुतं' काढले. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा' आली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. संपादक होते नागपूरच्या महारपुऱ्यातून वर आलेले वसंत मून. तिन्ही पुस्तकांना वाचक मिळाले आणि तिन्ही आजही विकली जातात. तरी मराठी साहित्याच्या इतिहासात ही तीन पुस्तके एका पानावर येत नाहीत. 'छावा' ऐतिहासिक कादंबरीच्या प्रकरणात जाते. 'बलुतं' दलित आत्मकथनाच्या प्रकरणात. शासनाच्या खंडाला साहित्याच्या इतिहासात जागाच नाही. जो ग्रंथ घेण्यासाठी माणसे रांगेत उभी राहतात त्याला लोकप्रिय वाङ्मयात का धरत नाहीत, याचे उत्तर त्या इतिहासकारांनी द्यावे.

नामांतरामुळे 'छावा' लिहिली गेली असे मला म्हणायचे नाही. एवढी मोठी कादंबरी काही एका वर्षात होत नसते. 'छावा' वाचणारे आणि घरे जाळणारे एकच होते, असे म्हणायलाही आधार नाही. माझा प्रश्न लेखकाच्या हेतूविषयी नसून वाचकाच्या गरजेविषयी आहे.

२

'छावा'चे श्रेय आधी देतो. बखरकारांनी आणि त्यांच्या मागे गेलेल्या नाटककारांनी संभाजी महाराजांची प्रतिमा दुराचारी राजपुत्राची करून ठेवली होती. वा. सी. बेंद्रे यांनी साधने धुंडाळून १९६० मध्ये लिहिलेल्या चरित्राने ती प्रतिमा मोडली. जे काम बेंद्र्यांनी अभ्यासकांपुरते केले ते सावंतांनी घरोघर पोचवले. बदनाम केलेल्या माणसाला न्याय मिळवून देणारी कादंबरी म्हणून तिचे मोल आहे, आणि ती आमच्याही वस्त्यांत वाचली गेली आहे.

तरीही विचार करा. १९७९ साली एक सुशिक्षित मराठी माणूस १६८९ मधला छळ वाचून रडतो. लेखणीच्या बळावर एखाद्याला पिढ्यान्‌पिढ्या कसे बदनाम करता येते, हे त्याला पटते. रागही येतो. पण तो राग ज्यांच्यावर काढायचा ते तीनशे वर्षांपूर्वीच मेलेले आहेत. पुस्तक मिटले की त्याला काही करावे लागत नाही. त्याच आठवड्यातल्या वर्तमानपत्रात मराठवाड्यातल्या जळालेल्या झोपड्यांची बातमी असते, आणि ती त्याला 'दुर्दैवी' वाटते. अन्यायाची चीड नसते असे नाही. ती चीड मागल्या शतकांत खर्ची पडलेली असते. यालाच मी दिलासा म्हणतो.

सावंतांच्याच 'मृत्युंजय'ने, १९६७ मध्ये, हा प्रकार अधिक गुंतागुंतीने केला होता. ही कादंबरी आपल्या मुलांनी फार जिव्हाळ्याने वाचली आहे. मी शिकवतो त्या वर्गांत आजही आवडते पुस्तक विचारले की दोन-तीन हात कर्णासाठी वर येतात. कारण उघड आहे. सूतपुत्र म्हणून भर सभेत झालेला अपमान, गुण असून नाकारलेली संधी, जात विचारणारे गुरू : हे सारे आपल्या मुलाला आपल्या घरचे वाटते. तो कर्णात स्वतःला पाहतो. आणि मग कथा काय करते? कर्ण जन्माने क्षत्रियच होता, कुंतीचा थोरला मुलगा होता, असे सांगते. म्हणजे त्याच्यावर अन्याय झाला तो ओळख पटली नाही म्हणून. तो खरोखर सूताच्या पोटचा असता तर सभेतला तो अपमान योग्य ठरला असता का? महाभारतकथा हा प्रश्न विचारीत नाही. लोकप्रिय कादंबरीचा वाचकही विचारीत नाही. जात चुकीच्या माणसाला लावली गेली एवढेच दुःख उरते, जात मात्र सुखरूप राहते. आमच्या कवींनी कर्णाला बाजूला ठेवून एकलव्याकडे आणि शंबुकाकडे तोंड वळवले, ते उगीच नाही. एकलव्य शेवटी कुणाचा हरवलेला राजपुत्र निघत नाही.

याच्या शेजारी अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' ठेवून पाहा. १९५९ ची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. तीही घडून गेलेल्या काळावर, तीही लोकप्रिय, तिच्यातही शौर्य आहे. पण तिच्यातली लढाई दुष्काळात भुकेने मरणाऱ्या माणसांसाठी धान्य मिळवण्याची आहे. तिचा नायक मांगवाड्यात जन्मतो आणि मांगच राहतो. भूतकाळावर लिहिले म्हणून पुस्तक आपोआप पळवाट ठरत नाही. वाचकाला ते कुठे आणून सोडते, यावर सगळे ठरते.

३

'बलुतं'चा अनुभव वेगळा आहे. एका बाजूला ते पांढरपेशा घरात गेले, आणि तिथे त्याचे कौतुक झाले. 'हे आम्हाला ठाऊकच नव्हते' ही त्या घरांतली प्रतिक्रिया. महारवाडा गावाच्या हद्दीतच होता. गुरे ओढणारा, सांगावा घेऊन धावणारा माणूस रोज दारापुढून जात होता. तरी ठाऊक नव्हते! पुस्तकात छापून आल्यावर ठाऊक झाले. अशा वाचकाला 'बलुतं' म्हणजे परमुलखाचे वर्णन वाटले. तो हळहळला, आणि हळहळलो म्हणजे आपला वाटा देऊन झाला असे त्याने मानले.

हे मराठी माणसाचेच वैशिष्ट्य आहे असे नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसाने गुडघ्याखाली दाबून मारले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अमेरिकेतल्या खपाच्या याद्या वर्णद्वेषावरील पुस्तकांनी भरून गेल्या. गोऱ्या वाचकांनी ती मोठ्या प्रमाणात विकत घेतली. विकत घेणे हेच प्रायश्चित्त झाले काय, असा प्रश्न तिथल्या काळ्या लेखकांनीच विचारला. पण निदान तिथे खून झाल्यावर पुस्तकांकडे हात तरी गेला. २९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडली. त्यानंतर मराठी मध्यमवर्गाने जातीवरचे पुस्तक शोधल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही.

दुसऱ्या बाजूला 'बलुतं' आमच्या वस्तीत आले, तिथे कौतुकाआधी भांडण झाले. घरातले कशाला चव्हाट्यावर मांडले, कावाखान्यातली ती दुनिया लोकांना कशाला दाखवली, असे म्हणणारे होते. 'माझेही असेच झाले' म्हणून रात्रभर वाचत बसलेले त्याहून जास्त होते. हे भांडण मला त्या कौतुकापेक्षा मोलाचे वाटते. पुस्तक आपल्या आयुष्यात हात घालते तेव्हाच माणूस त्याच्याशी भांडतो. 'बलुतं'नंतर 'उपरा', 'अंतःस्फोट', 'अक्करमाशी', 'उचल्या' अशी रांग लागली, ती या वाचकांमुळे. प्रत्येक वाचणाऱ्याला कळले की आपल्याकडेही सांगण्याजोगे आहे आणि ते छापता येते. दलित आत्मकथनाचा वाचक हाच पुढचा लेखक झाला.

आणि जो वाचक कुठल्याच वहीत सापडत नाही त्याचे काय? फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकानात बसत. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचत, आणि घरच्यांच्या नकळत लिहून ठेवलेली पाने कित्येक वर्षे लपवून ठेवत. त्यातून 'जिणं आमुचं' झाले. ते १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्या रद्दीच्या वाचनाची नोंद कुठल्या ग्रंथालयात होणार? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याने गावोगाव वाचनालये उभी राहिली, अनुदान मिळाले, कपाटे भरली, हे चांगलेच झाले. पण अनामत भरून सभासद होणारा तो वाचक, अशी त्या कपाटांची व्याख्या राहिली. बाईने पुडीच्या कागदावर वाचले, पोराने भाषणाच्या पुस्तिकेचे पान वस्तीतल्या दिव्याखाली मोठ्याने वाचून चार म्हाताऱ्यांना ऐकवले, जलशातले गाणे ऐकून एकाने वहीत उतरवले. हे सारे वाचनच आहे. आणि अशांत काळात सगळ्यात जास्त हेच वाचन होते.

४

आता तिसरे पुस्तक. शासनाच्या खंडाची गोष्ट विलक्षण आहे. तो इंग्रजीत आहे. 'कास्ट्स इन इंडिया' आणि 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे दोन्ही निबंध त्या पहिल्या खंडात आहेत. ज्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता अशा माणसांनी दीक्षाभूमीवरून तो डोक्यावर घेऊन घरी नेला. आमच्या घरातला पदवीधर मी पहिला. वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला. घरात पुस्तके तीन : वंदनेची पुस्तिका, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आणि हा खंड. पहिली रोज उघडायची, दुसरे वर्षावासात उघडायचे. तिसरे कधीच उघडले जात नसे. ते फडक्यात बांधून पेटीत ठेवलेले असे, रेशनकार्डासोबत.

हा भोळा भक्तिभाव आहे, असे म्हणून विद्वान हसतील. मी हसत नाही. शेतकरी सातबारा पेटीत ठेवतो. त्यातली भाषा त्यालाही कळत नसते. पण जमीन आपली आहे याचा तो कागद आहे, आणि वाचता येणारा कुणीतरी घरात पुढे होईल, ही त्याची खात्री असते. पुरावा म्हणून वाचन म्हणतो ते हेच. ज्याला वाचता येत नाही तोसुद्धा या अर्थाने वाचक असतो. त्याने पुस्तक निवडलेले असते, पैसे मोजलेले असतात, पुढच्या पिढीच्या नावे ते जपून ठेवलेले असते.

'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चा इतिहासही याला धरूनच आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपाततोडक मंडळाला बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण पचले नाही, परिषद रद्द झाली आणि न झालेले भाषण पुस्तक होऊन बाहेर पडले. पहिली १,५०० प्रतींची इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली, आणि ज्या हिंदू वाचकांसाठी ते मुख्यतः लिहिले त्यांनीच त्याचे अनपेक्षित स्वागत केले, असे बाबासाहेबांनी दुसऱ्या आवृत्तीत नोंदवले आहे. सवर्णांना उद्देशून लिहिलेले हे पुस्तक आज कोण वाचतो? ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांच्या घरांतून ते नाहीसे झाले आणि आमच्या घरांत आले. समीक्षेला खरेच काळ वाचायचा असेल तर तिने पुस्तकाचा हा प्रवास वाचावा.

१९८७ मध्ये चौथा खंड आला. त्यातील 'रिडल्स'वरून जे झाले ते वाचनाच्या राजकारणाचा धडाच आहे. राम आणि कृष्णावरील परिशिष्टाविरुद्ध ओरड झाली. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत मराठा महामंडळाने ग्रंथाच्या प्रती जाळल्या. शासन ते परिशिष्ट काढण्याच्या विचारात गेले, तेव्हा दलित जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. परिशिष्ट राहिले, पण त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप छापून. जाळणाऱ्यांनी ग्रंथ वाचला नव्हता, हे आपण नेहमी म्हणतो. रस्त्यावर उतरलेल्या आपल्यातल्या बहुतेकांनी तरी तो कुठे वाचला होता! पण त्यांना एवढे नक्की कळले होते, की बापाच्या कागदातला एक परिच्छेद आज जाऊ दिला तर उद्या सातबाराच जाईल. ही समज अक्षरओळखीवर अवलंबून नसते.

शासनाने ग्रंथ काढले खरे, पण मागणीच्या मानाने कधी पुरवले नाहीत. २०२१ मध्ये तर छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाचक तयार असताना ग्रंथ तयार नसावा, ही मराठी प्रकाशनाच्या इतिहासातली वेगळीच घटना आहे. दुसऱ्या कोणत्या मराठी घरात जन्मलेल्या लेखकाच्या ग्रंथांसाठी न्यायालयाला असे करावे लागले?

५

पुस्तकात काय ताकद आहे, हे कधी कधी पोलिसांना आपल्यापेक्षा आधी कळते. खैरलांजीनंतर पंधरा-सतरा दिवसांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर एका स्टॉलवरची पुस्तके पोलिसांनी जप्त केली. अशांत काळात माणूस काय वाचतो यावर लक्ष ठेवावे असे सत्तेला वाटते. कादंबऱ्यांच्या दुकानावर अशी धाड पडल्याचे मी ऐकलेले नाही.

आणि जुने पुस्तक नव्या अशांततेत पुन्हा उघडले जाते. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा'वरचा हिंदी चित्रपट आला. चित्रपटगृहांत माणसे रडली, घोषणा झाल्या. औरंगजेबाची कबर उखडण्याची मागणी उठली आणि १७ मार्चला आमच्या नागपुरात, महाल भागात, दंगल झाली, संचारबंदी लागली. या चित्रपटामुळे लोकांच्या भावना भडकल्या, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. एका कादंबरीच्या वा चित्रपटाच्या माथी दंगल मारणे मला बरोबर वाटत नाही. दंगल करणारी माणसे असतात, आणि करवणारीही. पण १९७९ मध्ये जो राग पुस्तक मिटल्यावर विरून जायचा तो ४६ वर्षांनी एका वस्तीच्या दारापर्यंत नेऊन सोडता आला, ही गोष्ट खरी. मेलेल्या शत्रूचे जिवंत वारस ठरवून दिले की दिलासा मागणारा वाचकही हातात दगड घेतो.

याच इतिहासाचे दुसरे वाचन आपल्याकडे आहे. संभाजी महाराजांच्या छिन्न देहावर वढू बुद्रुक येथे गोविंद महाराने अंत्यसंस्कार केले, ही परंपरा त्या गावाने जपली. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तिथला हे सांगणारा फलक आणि गोविंद महाराची समाधी यांवरून वाद पेटला, मोडतोड झाली. पाठोपाठ १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. म्हणजे राजाच्या मरणाची कथा लाखो लोकांनी मनापासून वाचली. पण त्या कथेच्या शेवटी एक महार उभा आहे, हे सांगणारा चार ओळींचा फलक मात्र सोसला गेला नाही. कादंबरी हवी आणि फलक नको, असे म्हणणाऱ्याने वाचले तरी काय?

६

इथवर दुसऱ्यांचे झाले. आता आपल्या घरात पाहू.

हिंगणा हे नागपूरच्या कडेचे तालुक्याचे गाव. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला कापूस-सोयाबीनची शेते. माझ्या वर्गातली मुले या दोन्हींच्या मधली आहेत. बाप कंत्राटी कामगार नाहीतर शेतमजूर. ही मुले वाचत नाहीत असे म्हणणे खोटे आहे. ती सकाळी सहापासून अभ्यासिकेत बसतात. वाचतात ती स्पर्धा परीक्षेची गाईडे. २०२३ मध्ये राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. या आकड्याच्या मागे केवढी अशांतता आहे! ती रस्त्यावर दिसत नाही, कारण ती अभ्यासिकेच्या खुर्चीत बसवून ठेवली आहे. आजच्या दलित-बहुजन तरुणाचे लोकप्रिय वाङ्मय कोणते, असे मला कुणी विचारले तर मी गाईडाचे नाव सांगीन.

या मुलांना नावे ठेवायची नाहीत. नोकरी हवीच. पण गाईड बाबासाहेबांचे काय करते ते पाहा. चवदार तळ्याचा सत्याग्रह : २० मार्च १९२७. पुणे करार : २४ सप्टेंबर १९३२. चार पर्याय, एक बरोबर, एक गुण. तळ्याचे पाणी का नाकारले होते, करारावर सही करताना काय गमावले, हे तिथे कुणी विचारीत नाही. आपला सगळा लढा तारखांच्या यादीत बसवून आपल्याच मुलांच्या हाती दिला आहे. ती यादी पाठ करून पोरगा तलाठी होईल. मग गावचा सातबारा त्याच्या हाती येईल, पण बापाच्या पेटीतला सातबारा त्याने वाचलेला नसेल.

दुसरी गोष्ट. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आजही पुस्तकांचे स्टॉल ओसंडतात, आणि त्याचा अभिमान वाटावा असेच ते दृश्य आहे. पण त्या स्टॉलांशेजारी तसबिरी, पुतळे, दिनदर्शिका आणि गौरवगीते यांची गर्दीही असते. आपल्या पुस्तिकांमध्येही 'आमचे पूर्वज किती शूर' हे सांगणाऱ्या पुस्तिका वाढत आहेत. शौर्याचा इतिहास सांगितलाच पाहिजे. तो दडपला होता. मात्र पुरावा मागता मागता आपणही दिलाशावर येऊन थांबलो तर 'छावा' वाचून डोळे पुसणाऱ्या पांढरपेशा वाचकात आणि आपल्यात फरक काय राहिला? आपल्या कर्णालाही आपण हरवलेला राजपुत्रच करून टाकू. मग तोच प्रश्न आपल्याला लागू होईल : पूर्वज शूर नसते, साधे ढोरे ओढणारे असते, तर त्यांचा माणूस म्हणून हक्क कमी ठरला असता का?

म्हणून कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे साधे आहे. प्रत्येक विहारात, समाजमंदिरात, अभ्यासिकेत आठवड्यातली एक संध्याकाळ गाईड मिटून ठेवायची आणि एक पुस्तक सर्वांनी मिळून मोठ्याने वाचायचे. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मराठीतून वाचायचे, परिच्छेद परिच्छेद, कळेपर्यंत. 'बलुतं' वाचायचे आणि आपल्या आजीला विचारायचे की हे असेच होते का. 'जिणं आमुचं' वाचताना घरातल्या बायांना बोलू द्यायचे, मध्ये बोलायचे नाही. आणि 'छावा', 'मृत्युंजय'ही वाचायच्या, टाळायच्या नाहीत. वाचून विचारायचे : कर्ण सूताचाच असता तर? वढूला कोण उभा होता?

सोबत एक वही ठेवायची. कोणते पुस्तक कुणी नेले याची नोंद ग्रंथालय करतेच. या वहीत कोणत्या पुस्तकावर कुणी कोणता प्रश्न विचारला, ते लिहायचे. उद्या कुणी आपल्या काळातल्या लोकांना काय प्रिय होते याचा अभ्यास करायला बसला, तर त्याला खपाच्या आकड्यांबरोबर ही वहीही सापडली पाहिजे. आणि पेटीतला तो इंग्रजी खंड फडक्यातून काढून टेबलावर आणायची वेळ आता आली आहे. ज्यांनी तो विकत घेतला त्यांना तो वाचता येत नव्हता. आपल्याला येतो.